टोळ्या निघायच्या आधी

परवा पाटोद्याच्या बाजारात सीताफळं आली. डोंगराकडच्या बायका उजाडताच पाट्या घेऊन उतरतात आणि स्टँडच्या भिंतीला टेकून बसतात. पाटीत खाली गवत, वर फळं. डोळे उघडलेली एका अंगाला, अजून घट्ट मिटलेली दुसऱ्या. कॉलेजला जाता जाता मी थांबले, एक फळ उचललं. अंगठ्याखाली ते जरासं दबलं आणि तो वास आला.

माझ्यासाठी हा वास नुसता गोड राहिलेला नाही. त्यात शाळेच्या खोलीत शिंपडलेल्या फिनेलचा वास आहे, बर्फाच्या निळ्या डब्याचा गार, प्लॅस्टिकचा वास आहे, आणि दारापाशी चपला काढून आत यावं की न यावं म्हणून घुटमळणाऱ्या बायकांच्या पदरांना लागलेला सोयाबीनच्या भुसाचा वासही आहे. हे सगळं काही वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता. माळावर तरवड पिवळाधमक फुलला होता, रानात ज्वारीची पेर चालू होती, आणि गावोगाव एकच बोलणं होतं: टोळी कधी निघणार?

आमच्याकडे वर्षाचे दोनच भाग. माणसं गावात असतात तो एक, आणि ऊस तोडायला गेलेली असतात तो दुसरा. सीताफळाचे दिवस नेमके या दोन भागांच्या मधे येतात. घरात फराळाची तयारी आणि दारात कोयत्याला धार, एकाच वेळी.

मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवते. माझा आणि वैद्यकाचा संबंध तापाच्या गोळीपुरता. पण बीडच्या शाळेत ज्या मुलीबरोबर मी एका बाकावर बसले, ती अनघा पुढे डॉक्टर झाली, आणि मग शहरातल्या एका मोठ्या कॅन्सर केंद्रात संशोधनाला लागली. तिथे रुग्णांवर उपचार होतात, डॉक्टर शिकतात आणि संशोधनही चालतं. त्या वर्षी गणपती उठल्यानंतर तिचा फोन आला.

"तुझ्याकडे काम आहे," ती म्हणाली. "मला शब्द पाहिजेत."

माझी समजूत अशी होती की संशोधन करणारी माणसं पांढरे कोट घालून दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघत असतात. अनघाकडून कळलं, तिचा निम्मा वेळ अर्ज लिहिण्यात जातो. कुठली तरी संस्था जाहीर करते की अमुक विषयावरच्या संशोधनाला आम्ही निधी देऊ. मग देशभरातले लोक रात्रंदिवस खपून प्रकल्प लिहितात, आणि कधीही न भेटलेली चार माणसं त्यांचा निकाल लावतात. अनघाचा प्रकल्प साधा होता. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधी बरीच वर्षं तिथे एक विषाणू ठाण मांडून बसतो. तो आहे की नाही हे एका मऊ ब्रशवर घेतलेल्या नमुन्यातून कळतं, आणि तो नमुना बाई स्वतःच, आडोशाला जाऊन, घेऊ शकते. कुणापुढे टेबलावर पाय पसरून पडायला नको. आमच्या भागातल्या बायका हे करतील का, आणि ज्यांच्यात दोष निघेल त्यांच्यापर्यंत वेळेत उपचार पोचवता येतील का, एवढं तिला तपासायचं होतं.

अर्ज नामंजूर झाला होता. तिने मला ते उत्तर वाचून दाखवलं. कल्पना चांगली आहे, पण निवडलेल्या भागातली लोकसंख्या अर्धं वर्ष जागेवर नसते, त्यामुळे पाठपुरावा शक्य नाही, दुसरा जिल्हा निवडावा.

"दुसरा जिल्हा," अनघा म्हणाली. "म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे, त्या आपोआपच बाद. कारण त्या घरी नसतात."

तिच्या केंद्राने स्वतःच्या पैशातून तिला एक हंगाम दिला. एका हंगामात दाखव, जमतं की नाही. जमलं तर पुन्हा अर्ज कर.

शब्दांचं काम असं होतं. संशोधनात भाग घेण्याआधी प्रत्येक बाईला सगळं समजावून सांगून तिची संमती घ्यावी लागते. त्यासाठी इंग्रजीतून मराठी करून आणलेलं एक माहितीपत्रक होतं. मी ते घेऊन सुमनताईंच्या ओसरीवर गेले. सुमनताई म्हणजे अनघाने निवडलेल्या एका गावच्या आशा कार्यकर्त्या. डोंगराच्या कडेला वसलेल्या त्यांच्या गावातलं प्रत्येक बाळंतपण त्यांना ठाऊक. मी वाचायला लागले, "सहभागी व्यक्तीच्या गर्भाशयग्रीवेतील पेशींचा नमुना..."

सुमनताई शेंगा फोडत होत्या. हात थांबला. "मॅडम, ही कुठली भाषा हाय?"

"मराठीच आहे."

"असंल बापा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

मग चार-पाच दुपारी आम्ही ते पत्रक नव्याने बांधलं. गर्भाशयग्रीवा गेली, पिशवीचं तोंड आलं. 'सहभाग ऐच्छिक आहे' या वाक्यापाशी मात्र आम्ही फार अडलो. मी म्हटलं, "मनात असेल तरच या, आणि मधेच नको वाटलं तर सोडून द्या, कुणी रागावणार नाही, असं म्हणू." शेजारच्या दोघी-तिघी ऐकत बसल्या होत्या. त्यातली एक खुदकन हसली.

"सोडलं तरी कुणी रागावणार न्हाई? असं कुठं असतंय का मॅडम?"

सगळ्याच हसल्या. मीही हसले. घरी जाताना मात्र ते हसू माझ्याबरोबर चालत राहिलं. लग्न, बाळंतपण, ऊस, ऑपरेशन... 'तुला चालेल का' असं यातल्या किती गोष्टींआधी त्यांना कुणी विचारलं असेल? संमती हा शब्द मी व्याकरणात शिकवते. उपसर्ग कोणता, धातू कोणता. त्याला एवढं वजन असतं हे मला त्या ओसरीवर कळलं.

कांता तिथेच भेटली, अनघा पहिल्यांदा गावात आली त्या दिवशी. तिशी नुकतीच ओलांडलेली, बारीक चणीची, दोन मुलांची आई. पाठ दुखते, अंगावरून पांढरं जातं, अशी तिची तक्रार होती. तालुक्यातल्या एका डॉक्टरने तिला सांगितलं होतं, पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलेलं. यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. तिच्या थोरल्या जावेची, कुशीवर्ताची, पिशवी कधीच काढली होती. गावातल्या बऱ्याच जणींची काढली होती.

"पिशवी काढली म्हंजे कटकट मिटती," कांता म्हणाली. "दर महिन्याचा खाडा न्हाई. टोळीत खाडा केला की मुकादम बोलतोय." खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. मग तिने अनघाकडे बघितलं. "तुमच्या त्या ब्रशानं कळंल का, माझी खराब हाय का न्हाई?"

अनघा हो म्हणाली असती तर ती लगेच तयार झाली असती. पण अनघा जमिनीवर तिच्यासमोर बसली. "सगळं नाही कळणार. कॅन्सर करणारा विषाणू आहे की नाही, तेवढं कळेल. अंगावरून जातं त्याचं औषध वेगळं, ते मी आजच देते. पण एवढ्या तक्रारीसाठी पिशवी काढायची गरज नसते."

कांता बराच वेळ बोटाला पदर गुंडाळत राहिली. "मंग थांबते," ती म्हणाली. "तुमचा निकाल येऊस्तोर ऑपरेशन नको म्हून सांगते घरी."

शाळेच्या खोलीत सुमनताईंनी दोन साड्यांचा आडोसा केला होता. कांता आत गेली आणि आम्ही बाहेर चहा ओततो न ओततो तोच परत आली. हातात झाकण लावलेली नळी.

"एवढंच?" तिने विचारलं. मग आडोशाकडे वळून बघितलं. "आपल्याच हातानं केलं म्हून लाज न्हाई वाटली."

त्या दिवसांत रोज संध्याकाळी बर्फाचा डबा घेऊन जीप शहराकडे निघायची आणि आम्ही घाटाच्या वळणापर्यंत ती दिसते का बघत उभ्या राहायचो. सुमनताई दोन सीताफळं फोडायच्या, बिया अंगणात थुंकत आम्ही उद्याची गावं ठरवायचो. मला ते दिवस फार हलके वाटत. बायका येत होत्या. एक आली की दुसरीला घेऊन येत होती. अनघाचा चेहरा शाळेत पहिल्या बाकावर असताना दिसायचा तसा दिसू लागला होता.

आणि मग कारखान्यांचा हंगाम लवकर सुरू होणार अशी बातमी आली.

दोन-तीन दिवसांत गावं रिकामी झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चुली, पत्रे, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या, लेकरं. कांताची टोळी एका सकाळी गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. ती ट्रॉलीतून ओरडून काहीतरी म्हणाली, पण ट्रॅक्टरवर गाणं एवढ्या मोठ्याने लावलं होतं की ऐकू आलं नाही. तिने नुसता हात हलवला.

निकाल त्यानंतर आले. कांतामध्ये विषाणू होता.

अनघा शाळेच्या पायरीवर बसून होती. बाजूच्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती. "निधीवाल्यांनी लिहिलं होतं तेच झालं," ती म्हणाली. "माणसं जागेवर नाहीत."

विषाणू म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिने मला पुन्हा समजावलं. पण तिथे डाग पडलेला असेल तर तो आत्ताच उष्णतेने जाळून टाकता येतो. टॉर्चएवढं यंत्र, भूल नको, मिनिटभराचं काम. तसाच ठेवला तर काही वर्षांनी तोच डाग कॅन्सर होऊ शकतो. कांता सहा महिन्यांनी परतणार. परतली की पुन्हा तोच डॉक्टर, तीच तारीख, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच नाही.

"मग आपणच जाऊ," मी म्हणाले.

ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. संशोधनात कागदावर ठरलेल्या जागेबाहेर पाऊल टाकायचं तर नैतिकता समितीची परवानगी लागते. ही समिती बघते की अभ्यासाच्या नादात कुणा माणसावर अन्याय तर होत नाही. अनघाने त्याच दिवशी पत्र लिहिलं. निधीत जिल्ह्याबाहेरच्या प्रवासाची तरतूदच नव्हती, तेव्हा केंद्रातल्या तिच्या वरिष्ठांशी ती फोनवर बराच वेळ भांडली. ते शेवटी म्हणाले, जा, कुठल्या खात्यातून ते मी बघतो. समितीची परवानगी आली, एका अटीवर: निकाल ज्या बाईचा तिलाच सांगायचा. मुकादमाला, टोळीतल्या कुणाला, नवऱ्यालासुद्धा तिच्या मर्जीशिवाय कळता कामा नये.

"पण आपण तिथं गेल्यावर लोक विचारतील की, कोण तुम्ही, कशाला आलात," मी म्हटलं.

"मी तिची मावशी हाय म्हणते," सुमनताई म्हणाल्या. "तिच्या आईनं आन् मी संगंच धुणं धुतलंय. खोटं बी न्हाई लई."

कांताची टोळी जिथे ऊस तोडत होती, तो नदीकाठचा भाग आमच्या डोळ्यांना परका. जिकडे बघावं तिकडे हिरवं, कालवे भरून वाहणारे. एका उघड्या माळावर उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, एकाला एक लागून उभ्या होत्या. कांता फडात होती. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढत होती, आम्हाला बघितलं तशी मधेच थांबली. मागची बाई ओरडली. कांता वर गेली, मोळी टाकली, खाली आली. घामाने तोंड काळं पडलेलं.

"तुमी इथं? कावून?"

सुमनताईंनी तिला बांधाच्या पलीकडे नेलं. अनघाने सगळं सांगितलं, आम्ही ओसरीवर बांधलेल्या त्याच शब्दांत. कांताने पदराने तोंड पुसत ते ऐकलं. शेवटी म्हणाली, "म्हंजे मरत न्हाई ना?"

"नाही. मरू नये म्हणूनच आलोय."

"अंकुशला सांगू का?" अंकुश तिचा नवरा.

"ते तू ठरव," अनघा म्हणाली.

कांता त्या वाक्याकडे बघत राहिली. वाक्याकडे असंच मला लिहावंसं वाटतं, कारण तिची नजर आमच्यापैकी कुणावर नव्हती. मग ती फडात गेली आणि अंकुशला घेऊन आली. उंच, अबोल गडी. हातात कोयता तसाच. कांतानेच त्याला सांगितलं, तिच्या शब्दांत, आमच्यापेक्षा कमी आणि जास्त नीट. तो ऐकून म्हणाला, "मुकादमाला कळू देऊ नका. त्यो हिला कामाची न्हाई म्हणंल." आणि थोड्या वेळाने, "चला. कुटं जायाचं?"

जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंशी अनघाने आधीच बोलून ठेवलं होतं. डाग होता, लहान होता, जाळता येण्याजोगा होता. मी कांताचा हात धरून उभी होते. तिच्या तळव्यावर उसाच्या पानांच्या बारीक चिरा होत्या. यंत्र लागलं तेव्हा तिने डोळे मिटले, माझा हात आवळला, आणि झालं.

"झालं?" तिने विचारलं आणि रडायला लागली. दुखत नव्हतं, असं ती रडता रडताच सांगत होती.

काही दिवस ओझं उचलायचं नाही, महिनाभर नवऱ्यापासून वेगळं झोपायचं, असं अनघाने दोघांना बसवून सांगितलं. अंकुशचं तोंड लाल झालं. "मोळ्या मी वाहतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ही नुसतं बांधंल. दुसरं बी कळलं."

आम्ही कोप्यांपाशी परतलो तोवर मावशीची गोष्ट टिकली नव्हती. बायका गोळा झाल्या होत्या. डॉक्टरीण आलीय, बायकांचं बघती, एवढं त्यांना पुरेसं होतं. एक म्हणाली, "आमचं बी बघा की." ती शेजारच्या तालुक्यातली. दुसरी आणखी लांबची. त्यांची गावं अनघाच्या अभ्यासात नव्हती. नळ्या नव्हत्या, परवानगी नव्हती, तपासणीचे पैसे नव्हते. अनघाने तसं सांगितलं.

"आमी बी ऊसच तोडतो," ती बाई म्हणाली. "मंग आमचं कावून न्हाई?"

परतीच्या वाटेवर अनघा खिडकीबाहेर बघत होती. जकात नाक्याच्या पुढे कुठेतरी ती म्हणाली, "मी गावं निवडली हेच चुकलं. कोप्या निवडायला हव्या होत्या."

तो हंगाम आम्ही असाच पुरा केला. विषाणू निघालेल्या आणखी काही जणी वेगवेगळ्या टोळ्यांत विखुरल्या होत्या. त्यांना शोधत गेलो, त्यांच्यावर उपचार झाले. एक मात्र सापडली नाही. तिची टोळी मधेच फुटली होती आणि ती कुणाबरोबर कुठे गेली, कुणालाच सांगता आलं नाही. सुमनताई आजही तिच्या माहेरच्या माणसांना विचारतात.

अनघाने नवा अर्ज लिहिला. गावात नव्हे, जिथे ऊस तोडला जातो तिथे, कोप्यांवर जाऊन तपासणी. निधी देणाऱ्यांपुढे बोलायला गेली तेव्हा मलाही बरोबर नेलं. गुळगुळीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, थंड खोली. एका वयस्क सदस्यांनी विचारलं, "ही माणसं सारखी फिरत असतात. तुम्ही त्यांच्यामागे कुठवर धावणार?"

अनघा म्हणाली, "सर, त्या कुठे जातात हे मुकादमाला माहीत असतं, कारखान्याला माहीत असतं. फक्त दवाखान्याला माहीत नसतं."

निधी मिळाला, मागितला होता त्याहून कमी. भाषेच्या कामासाठी मागितलेलं पद त्यांनी काढून टाकलं, त्यामुळे मी दिवाळीच्या सुट्टीत अशीच जाते. कांताची वर्षाने पुन्हा तपासणी झाली, विषाणू गेला होता. पिशवी तिच्याजवळ आहे. ऑपरेशनचं तिने घरात पुन्हा कधी काढलं नाही आणि कुणाला काढूही दिलं नाही.

गेल्या हंगामात आम्ही त्याच नदीकाठी एका मोठ्या तळावर होतो. दुपार कलली होती, बायका फडातून येऊन हातपाय धूत होत्या. कुशीवर्ता आली, कांताची थोरली जाऊ. चाळिशीही गाठली नसेल, पण गुडघ्यावर हात टेकून बसत होती. "माझं बी बघा," ती अनघाला म्हणाली.

अनघाने तिची चौकशी केली. पिशवी केव्हा काढली, तोंडासकट काढली का. कुशीवर्ताने हॉस्पिटलचा जुना कागद पुढे केला. अनघाने तो वाचला आणि हळूच घडी घातली. "तुम्हाला ही तपासणी लागत नाही. तपासायचं तेच राहिलेलं नाही."

"म्हंजे माझी खराब होती का न्हाई, त्ये आता कळायचं न्हाई?"

"नाही कळायचं."

कोप्यांवर धूर चढत होता. कुणीतरी भाकरी थापत होतं, तेवढा आवाज. कुशीवर्ताने कागद परत घेतला. उठली, पाठमोरी चालत कोप्यांच्या गर्दीत गेली. मला वाटलं, गेली ती. अनघा पुढच्या बाईकडे वळलीसुद्धा.

थोड्या वेळाने ती परत आली, एका बाईचं मनगट धरून. तिची धाकटी बहीण, त्याच टोळीत होती, पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की पिशवीच्या ऑपरेशनला जाणार होती. कुशीवर्ताने तिला अनघासमोर बसवलं.

"हिची करा," ती म्हणाली. "आन् काय निघंल त्ये हिलाच सांगा. हिच्या नवऱ्याला न्हाई, मला बी न्हाई."

बहीण आडोशाआड गेली. कुशीवर्ता बाहेर साडीच्या पडद्याला पाठ लावून बसली. दोघी-तिघी जणी आत काय चाललंय म्हणून वाकून बघायला आल्या, तर तिने हात आडवा धरला.

"थांबा," ती म्हणाली. "तिचं तिला करू द्या."